मुद्द्याची खाज आणि माझी दोन पत्रकं

ज्यांच्या दारात कुत्रं खाजवून खाजवून अर्धमेलं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचा, पण हसू नका. हसायचं काम आमच्या गल्लीनं आधीच उरकलंय.

पहिली गोष्ट. हातात जळक्या ऑइलची बाटली असेल तर खाली ठेवा. आत्ता! मोटरसायकलच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल फुटलेल्या कातडीवर ओतणं म्हणजे उपाय नव्हे, छळ आहे. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं. एवढं कळायला दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला मला जरा धीर लागतो. ती ओघात येईल.

आम्ही दोघं

मी अस्मिता, कुंभार पिंपळगावची. आमचा सात-आठ पोरापोरींचा गट आहे. पाणी असो, रेशन असो, हुंडा असो की अंगात आलेला कुणी बाबा, आम्ही पत्रक काढतो. एका पानात शत्रू दाखवायचा, तीन मागण्या मांडायच्या आणि वर ठळक अक्षरात लिहायचं, जागे व्हा! हे मला इतकं सवयीचं झालंय की किराणा सामानाची यादी लिहिली तरी तिसऱ्या ओळीला आवाज चढतो.

दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात आम्ही 'हात धुवा' मोहीम लावली होती. मी टेबलावर उभी राहून माईकवर बोलत होते आणि टेबलाखाली बदामी रंगाचं एक पिल्लू माझ्या प्रत्येक वाक्याला भुंकत होतं. समोरचा वांगीवाला ओरडला, "ताई, हे बराबर तुमच्या मुद्द्यावर भुंकून राह्यलं!" झालं. मोहीम आटोपून मी घरी आले ती मुद्द्याला घेऊनच.

पप्पा जिल्हा परिषदेचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कशाला?"

"राहू द्या ना पप्पा."

"राहू दे. पन तुझ्यासारखं भुंकायला शिकवू नको त्याला."

पांढरा कोंडा

यंदा दिवाळी सरली, कोरडी थंडी पडली आणि मुद्द्याच्या पाठीवर पीठ सांडल्यासारखा कोंडा दिसायला लागला. कातडी हाताला कागदासारखी लागायची. तो शेपटीच्या बुडाशी दातांनी चावायचा, मागच्या पायानं कान ओरबाडायचा, दाराच्या चौकटीला अंग घासायचा. जेवता जेवता थांबायचा, खाजवायचा, परत जेवायचा. आठ दिवसांत कानामागचे केस गेले आणि आत लालभडक चट्टा उघडा पडला.

माझं निदान तयार होतं. घाण! दुसरं काय असणार? दोन वर्षं मी गावाला हेच सांगत आले होते की सगळ्या रोगांचं मूळ घाण आणि घाणीवर इलाज साबण. मोहिमेचे दोन खोके माळ्यावर पडून होते, दवाखान्याचा वास येणाऱ्या लाल साबणाचे. मी वडी फोडली, बोअरचं पाणी बादलीत घेतलं आणि मुद्द्याला घासून काढला. आमच्या बोअरचं पाणी असं की बादलीला आतून पांढरा थर बसतो, चहा केला तर दूध नासल्यासारखं दिसतं. पण अंघोळीला काय होतंय, असं वाटलं.

रोज एक अंघोळ. खाज वाढली, मग सकाळ-संध्याकाळ. मुद्दा बादलीचा आवाज ऐकला की पलंगाखाली घुसायचा आणि मी त्याला दोन्ही पाय धरून बाहेर ओढायची. "तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे!" असं ओरडायची. हे वाक्य मी भाषणांत इतरांच्या तोंडी घालून त्यावर चिडते, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवंतामावशी

आमच्या समोरच्या घरात शेवंतामावशी राहतात. चार शेळ्या, एक जुना आड आणि राणी नावाची म्हातारी कुत्री, एवढा त्यांचा संसार. एका सकाळी मी दारात मुद्द्याला फेस लावत होते तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अस्मे, काय लावलं हे? मानसाला वापरायला पानी न्हाई अन् तू कुत्र्याला दोन डाव न्हाऊ घालून राह्यली."

"मावशी, त्याला खाज सुटलीय."

"मंग खाज काय मळ हाय का, धुऊन जायला? धू-धू धुऊन कातडं काढशील त्याचं." मग पदराखालून त्यांनी बाटली काढली. आत काळंकुट्ट ऑइल. "हे घे. माझ्या राणीला लावल्तं मागं. चार दिसात साफ."

"हे विष आहे मावशी!"

"इष? बारा वर्साची झाली माझी राणी. तू साबनावर जगीव तुझ्याला तेवढं, मंग बोल."

बाटली त्या तिथंच ठेवून गेल्या. मी ती उचलून परत त्यांच्या ओट्यावर ठेवली, आत आले आणि कागद घेतला.

आता ते पत्रक इथं अख्खं देत नाही, तेवढी माझी छाती नाही. पण मथळा होता, 'मुक्या जनावरांवर ऑइल ओतणाऱ्यांनो, जागे व्हा!' आणि आत एक वाक्य होतं, 'आपल्याच गल्लीतल्या काही जुनाट विचारांच्या बाया आजही हा अघोरी प्रकार करतात.' काही बाया! गल्लीत ऑइलची बाटली घेऊन फिरणारी बाई एकच होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाली मागण्या. एक, ऑइल बंद करा. दोन, फिनेल आणि फवारणीचं औषध बंद करा. तीन, कुत्र्याला रोज साबणाने स्वच्छ धुवा. साबण आमच्याकडे मोफत मिळेल.

दारोदार वाटलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं भर रस्त्यात हाळी दिली, "शेवंताबाई, गाडीचं ऑइल बदलून देता का?" चौक हसला. शेवंतामावशी शेळ्या घेऊन खाली मान घालून गेल्या आणि त्यानंतर आमच्या दाराकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं, विजय! सहा-सात घरांनी साबण मागून नेला. मी गटातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकलं, 'परिवर्तन घडतंय.'

लागण

तीनेक आठवड्यांत खरंच घडलं. गल्लीतली चार कुत्री खाजवायला लागली. सकाळी दूध आणायला निघालं की ओळीनं सगळी पाय वर करून खरडताना दिसायची.

अंगणवाडीच्या मंदाताई घरी आल्या. सरळ बाई, गल्लीतल्या प्रत्येक लेकराचं वजन त्यांना तोंडपाठ. अंगणवाडीच्या पायरीवर मुद्दा ऊन खात पडायचा, पोरं त्याच्या अंगावरून उड्या मारायची.

"अस्मिता, राग मानू नको. तुझ्या कुत्र्याला खरूज हाय. त्याच्यापासून सगळ्या कुत्र्यांना लागली. उद्या माझ्या लेकरांना लागंल."

"ताई, मी रोज धुते त्याला!"

"धुतीस तर दिसतंच हाय. पन सोमवारी आम्ही पंचायतीत अर्ज देऊन राह्यलो. बंदोबस्त करा म्हून."

बंदोबस्त म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणी कागदावर लिहीत नाही. पोतं असतं, टेम्पो असतो आणि वीस-पंचवीस कोसांवरचं कुठलं तरी परकं शिवार. अंगावर उघडे चट्टे असलेलं कुत्रं तिथली कुत्री दोन दिवस जगू देत नाहीत.

मी त्यांच्या हातातला अर्ज हिसकून घेतला. खाली सह्या होत्या. चौथी सही मी लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर पाहत आले होते. पप्पांची!

घरात त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगते. मी ओरडले. पप्पा ओरडले नाहीत, ते जास्त लागतं. म्हणाले, "चाळीस वर्सं पोरांत गेली माझी. लेकरांच्या तब्येतीचा कागद समोर आला तर कुत्रं कुनाचं हाय ते मी बघायचं का?" आईनं दोघांपुढं ताट ठेवलं आणि स्वतः मुद्द्याजवळ जाऊन बसली. "तुमचं भांडन होईस्तोवर त्याची पाठ सोलून निघंल," एवढंच बोलली.

मी म्हटलं, मी त्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेणार. खरूज असेल तर औषध आणणार. गुरुवारी सकाळी फाट्यावर जीपवाल्यानं मुद्द्याला पाहिलं आणि दार लावून घेतलं. "खरजुलं न्हाई बसवत. बाकीचे सवारी उतरतील." अर्धा तास मी तशीच उभी. मग मागून मोटरसायकलचा आवाज आला. पप्पा. मफलर, स्वेटर, आणि खांद्यावर आईची जुनी चादर.

"गुंडाळ त्याला. मधे धर. जल्दी कर, ऊन व्हईल."

सही करणारा माणूस आणि ज्याच्या विरोधात सही ते कुत्रं, दोघं एका गाडीवर. मधे मधे मुद्दा पप्पांच्या स्वेटरवर खाजवायचा आणि पप्पा गाडी हळू करायचे.

निदानाचा दिवस

दवाखान्यात रांग होती. एक म्हैस, दोन गाभण शेळ्या, पाय मोडलेला गोऱ्हा, आणि आम्ही. म्हशीवाल्या काकांनी विचारलं, "काय झालं याला?"

"खाज."

"खाज? खाज आली म्हून डॉक्टर?" ते शेळीवालीकडं वळले. "आपन तर बाभळीलाच घासून घेतो बा."

सगळे हसले. मी तोंड उघडणार तोच पप्पांनी माझ्या कोपराला धरलं. "भाषन नको. नंबर जाईल."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, म्हशीचा गर्भ तपासून नुकतेच हात धुतलेले. त्यांनी मुद्द्याचा कान उलटा करून बघितला, शेपटीच्या बुडाशी केस विंचरून दोन-तीन पिसवा दाखवल्या. मग चट्ट्याच्या कडेची कातडी पात्यानं तीन ठिकाणी खरवडली, काचेच्या पट्टीवर घेतली आणि आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली नेली.

तेवढी दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मुद्द्याचं डोकं माझ्या मांडीवर. मी मनातल्या मनात सोमवारचा अर्ज फाडत होते, परत जोडत होते. खरूज निघाली तर? औषधाला महिना लागणार, अर्जाला चारच दिवस.

मॅडम बाहेर आल्या. "खरजेचा किडा नाही. एकही नाही."

मी उठून उभी राहिले. खरं तर उडीच मारली! म्हैस दचकली. "लिहून द्या मॅडम! शिक्क्यासह लिहून द्या!"

"देते. बसा आधी. अंघोळ कधी घालता याला?"

"रोज!" माझा आवाज बाजारातल्या माईकवरचा. "दिवसातून दोनदा."

मॅडमचा पेन थांबला. "कशानं?"

"साबणानं. जंतू मारणाऱ्या."

"माणसांच्या?"

"हो."

"पाणी?"

"बोअरचं." हे मात्र हळू आलं.

त्यांनी पप्पांकडं पाहिलं, पप्पांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं. "ताई, कुत्र्याच्या कातडीला स्वतःचं तेल असतं. तुम्ही ते रोज दोनदा खरडून काढलं. वरून खारं पाणी, त्यात ही थंडी. कातडी सुकली, खाज सुटली. त्यानं ओरबाडलं, तिथं जखम पिकली. पिसवांची थोडी भर आहेच. पण मुख्य कारण तुमची बादली."

मी चादर मुद्द्याच्या पाठीवर ओढून घेतली.

"ऑइल-बिइल नाही लावलं ना?"

"नाही."

"ते मात्र फार चांगलं केलंत," मॅडम म्हणाल्या. आणि मला रडू आलं.

दोन कागद

मॅडमनी दोन कागद दिले. एकावर लिहिलेलं, तपासणीत खरूज आढळली नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे. खाली सही-शिक्का. दुसरा उपचाराचा. त्यावर पहिलीच ओळ, 'साबण व रोजची अंघोळ ताबडतोब बंद.'

वाटेत पप्पांनी चहाला गाडी थांबवली. मुद्दा चादरीत गुंडाळलेला, फक्त नाक बाहेर. पप्पा बशीत फुंकर मारत म्हणाले, "कागद दोन हायेत. दाखवशील कोनता?"

"पहिला. तेवढ्यानं भागतंय ना?"

"भागतं. मी माझी सही मागं घेतो. बाकीचे बी घेतील बहुतेक."

"मग झालं की."

"झालं," पप्पा म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. मास्तर लोक पोराचं गणित चुकलं की असंच 'झालं' म्हणतात.

मी ठरवलं होतं. खरं सांगते, बिलकुल ठरवलं होतं. खरूज नाही हे खरंच होतं, कागद खरा होता, शिक्का खरा होता. कशानं झालं कुणी विचारलं तर हवामान म्हणायचं. मुद्दा वाचतो, माझं नाक राहतं. कोणाचं काय बिघडतं?

गल्लीत शिरलो. शेवंतामावशी ओट्यावर उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात बादली, हातात लाल साबण. राणीला घासत होत्या. म्हातारी राणी थरथरत, शेपूट पोटाशी घेऊन उभी, आणि तिच्या पाठीवर तोच पांढरा कोंडा.

मी गाडीवरून उतरले. "मावशी, हे काय करताय?"

महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हंजी? तूच लिवलं न्हाई का, रोज धुवा म्हून? मला वाचता येत न्हाई, नातीकडून वाचून घेतलं, साबन बी तिच्याच हातानं मागवला." साबण परत बादलीत बुडवत त्या म्हणाल्या, "तू मला जुनाट लिव न्हाईतर अजून काय लिव. पन शिकलेली पोर हाय, मंग खरंच असंल म्हटलं. ऑइल टाकून देलं मी. वीस दिस झाले धुऊन राह्यले. हिची खाज तर वाढूनच राह्यली गं. अजून किती दिस धुवावं?"

चौकात जिला मान खाली घालायला लावली, तिनं माझं ऐकलं होतं. सहा-सात घरांनी ऐकलं होतं. म्हणून चार कुत्री खाजवत होती. मुद्द्यापासून कसलीच लागण झाली नव्हती. लागण माझ्या पत्रकाची झाली होती, मागणी क्रमांक तीन!

मी त्यांच्या हातातून साबण काढून घेतला. "मावशी, चुकलं. माझं चुकलं."

"आँ?"

"धू-धू धुऊन कातडं काढशील म्हणाला होतात ना तुम्ही. तेच झालं. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

शेवंतामावशी उठल्या. मग ओल्या हातानंच माझ्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. "मरू दे तुझं ते पत्रक! आधी टॉवेल आन, गारठली ना माझी राणी!"

दुसरं पत्रक

रविवारी वंदना झाल्यावर गल्ली विहाराच्या अंगणात थांबली. मंदाताईंच्या हातात अर्ज. मी दुसरं पत्रक लिहून आणलं होतं. शत्रूच्या जागी माझं नाव होतं आणि विश्वास ठेवा, असं पत्रक लिहायला चौपट वेळ लागतो.

दोन्ही कागद वाचून दाखवले. म्हटलं, खरूज नाही, हे डॉक्टरांचं. रोज साबण लावायला मी सांगितलं, ते चूक. ज्यांनी साबण नेला त्यांनी तो परत आणून द्या, स्वतःच्या हाताला वापरा, कुत्र्याला नको. आणि शेवंतामावशींबद्दल जे लिहिलं ते पाठीमागून वार केल्यासारखं होतं. ऑइल वाईटच. पण अंघोळीचं त्या बरोबर बोलल्या होत्या आणि मी ऐकलं नाही.

मागून गॅरेजवाला ओरडला, "म्हंजी आता ऑइल लावायचं का न्हाई, ते नीट सांग!"

"नाही!" मी आणि शेवंतामावशी एकदम बोललो. गल्ली पोट धरून हसली.

मंदाताई हसल्या नाहीत. "कागदावर माझा भरवसा हाय. पन लेकरं माझ्याकडं असतात. महिनाभर अर्ज माझ्यापाशी ठेवते. मंग कुत्र्याला इथं सगळ्यांच्या समोर आन. खाजवताना दिसलं तर मी अर्ज देनार, मंग भांडू नको."

"नाही भांडणार," मी म्हटलं. आई मागून पुटपुटली, "हे बी लिवून घ्या तिच्याकडून."

तीस दिवस

ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना सांगते, पहिला आठवडा सगळ्यात वाईट. अंघोळ बंद केली की लगेच बरं वाटतं असं नाही. कातडीला तिचं तेल परत आणायला वेळ लागतो. रोज सकाळी बघायचं आणि रोज तेवढंच दिसायचं. मी पप्पांना विचारायची, "कमी झालं ना?" ते म्हणायचे, "काल विचारल्तं त्याच्याएवढंच."

जखम पिकल्याच्या गोळ्या गुळात लपवल्या तर मुद्दा गूळ खाऊन गोळी बाजूला ठेवायचा, आपण परीक्षा घेतोय अशा चेहऱ्यानं. शेवटी अंड्यानं काम केलं. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मॅडमनी त्याच्या वजनाप्रमाणे दिले होते. गुरांचं औषध अंदाजानं वापरू नका, तेवढ्या एका गोष्टीवर मी अजूनही ओरडून बोलेन. झोपायची चादर उन्हात टाकायची. रोज केस विंचरायचे.

चट्टा चाटू नये म्हणून गळ्याभोवती शंकू हवा होता. गटाच्या जुन्या फ्लेक्सचा कापून केला. घाईत लक्षात आलं नाही, 'हात धुवा'मधला 'धुवा' तेवढा नेमका बाहेर राहिला. आठ दिवस माझं कुत्रं गळ्यात 'धुवा' लिहून गावभर फिरलं. लोकांना वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी परत खरवडून पाहिलं. किडा नाहीच. आता एक अंघोळ चालेल म्हणाल्या, त्यांनी दिलेल्या शाम्पूनं, कोमट पाण्यानं, फेस दहा मिनिटं ठेवून, मग थेंबभरही फेस राहणार नाही असं धुवायचं. पण बोअरचं पाणी नको.

गोडं पाणी गल्लीत एकाच ठिकाणी आहे. शेवंतामावशींच्या आडाला. मी घागर घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "आता कशी आली? ओढ सोता. दोर माझा, हात तुझे." बारा घागरी ओढल्या. मुद्द्यासाठी सहा, राणीसाठी सहा. दोघांना शेजारी शेजारी धुतलं. शेवंतामावशी खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या, "कानात पानी जाऊन राह्यलं तिच्या! लक्ष कुठं हाय तुझं?" त्या दुपारी मुद्दा सलग दोन तास झोपला. दोन तास! न खाजवता! मी आईला हाक मारून दाखवायला नेलं, आईनं पप्पांना, पप्पांनी शेजाऱ्यांना. आम्ही चौघं-पाच जण एका झोपलेल्या कुत्र्याभोवती उभे. आजारपण ज्यानं काढलंय त्यालाच कळेल की हे बघण्यासारखं काय होतं.

आणि मग एका सकाळी कानामागं बोट फिरवलं तर मऊ लागलं. नवे केस.

विहाराचं अंगण

ठरल्या रविवारी अख्खी गल्ली जमली. एवढी माणसं आमच्या हुंडाविरोधी सभेलाही येत नाहीत. मधे सतरंजी, सतरंजीवर मुद्दा, पलीकडं मंदाताई, मांडीवर अर्ज. ठरलं होतं, अर्धा तास. पप्पांनी घड्याळ काढून हातात धरलं, परीक्षेच्या हॉलमध्ये धरायचे तसं.

मुद्द्यानं जांभई दिली. एका पोरानं टाकलेली बिस्किटाची चुरी खाल्ली. अंग झटकलं. लोक पुढं सरकले, पाठीवरून कोंडा उडतो का बघायला. उडाला नाही.

"पंधरा मिनिटं," पप्पा म्हणाले.

पंचविसाव्या मिनिटाला मुद्द्याचा मागचा पाय उचलला गेला. पाय कानापाशी गेला. एकदा. दोनदा. पाय हवेत तसाच थांबला, मग खाली आला, आणि त्यानं हनुवटी पंजांवर टेकवून डोळे मिटले.

"खाजवला!" गॅरेजवाला उठून उभा राहिला. "सगळ्यांनी बघितलं! खाजवला की!"

"ए, बस खाली," शेवंतामावशी गरजल्या. "मघापासून तू डोकं किती डाव खाजवलं ते मोजून राह्यले मी. सहा डाव. तुझा बी अर्ज द्यावा का पंचायतीत?"

हसण्याचा असा लोंढा आला की मुद्दा जागा झाला. मंदाताई मात्र उठल्या. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्या सतरंजीवर गुडघे टेकून बसल्या, कान उलटा केला, केसांत फुंकर मारून कातडी बघितली. एक कान, दुसरा कान, शेपटीचं बूड, पोट. लेकराचं वजन करताना काट्यावर बघतात तितक्या बारकाईनं. मुद्दा उताणा झाला, पोट वर करून.

मंदाताईंनी अर्ज उचलला. चौथी सही माझ्या पप्पांची असलेला तो कागद त्यांनी उलटा करून माझ्यापुढं धरला. मागची बाजू कोरी होती.

"ह्याच्यावर लिवून दे, कुत्र्याला कधी धुवायचं, कशानं धुवायचं. अंगनवाडीच्या भिंतीला लावते. पन या टायमाला इचारून लिव."

"कुणाला विचारू? डॉक्टरांना?"

"त्यांना तर इचारच. अन् पान्याचं मला इचार," शेवंतामावशी सरकून शेजारी बसल्या. "ऑइलचं न्हाई बोलत मी. निस्तं पान्याचं."

मी पेनाचं टोपण काढलं. सवयीनं हात मथळ्याकडं गेला, तो आवरला. कागद त्यांच्या बाजूला सरकवला आणि म्हटलं, "सांगा मावशी."